दुखते आहे, पण त्रास होत नाही: प्रकार्यवाद याचा उलगडा कसा करतो?

मनाच्या तत्त्वज्ञानातील प्रकार्यवाद, म्हणजे फंक्शनॅलिझम (मनाची अवस्था ती कशाची बनली आहे यावरून नव्हे, तर ती कोणते काम, म्हणजे प्रकार्य, करते यावरून ठरते हे मत), मी गेले काही महिने एकट्यानेच वाचत आहे आणि एका ठिकाणी पुरता अडलो आहे. तत्त्वज्ञ हिलरी पटनम यांनी १९६७ साली मांडलेला मुद्दा मला मनापासून पटला होता. ऑक्टोपसची मज्जासंस्था आपल्याहून अगदी निराळी असूनही त्याला दुखू शकते असे आपण मानतो. तेव्हा वेदना म्हणजे मेंदूतील अमुक एक घटना असे न म्हणता, इजेमुळे उद्भवणारी आणि कण्हणे, अंग चोरणे, त्यातून सुटण्याची इच्छा यांना कारण होणारी अवस्था म्हणजे वेदना, असे म्हणावे.

गेल्या वर्षी वडिलांच्या मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर त्यांना मॉर्फिन दिले होते. रात्री उशाशी बसून मी विचारले, "अण्णा, दुखतंय का?" ते शांतपणे म्हणाले, "दुखतंय रे, पण त्याचं मला काही वाटत नाही." कपाळावर आठी नव्हती, चादरीवरचा हात सैल पडला होता. मॉर्फिन घेतलेले इतरही रुग्ण असेच सांगतात, हे मी पुढे वाचले.

माझा प्रश्न असा की, व्याख्येतील परिणामांची बाजू जवळजवळ पुसली गेल्यावर अण्णा ज्याला दुखणे म्हणत होते ती वेदना ठरते का? ठरत नसेल, तर त्यांचे म्हणणे चुकीचे मानावे लागते, आणि त्याला माझी तयारी नाही. 'दुखतंय' असे सांगणे हाही परिणामच आहे, हे उत्तर मला तोकडे वाटते, कारण मग नुसत्या बोलण्यावर सगळी भिस्त राहते.

तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस यांनी १९८० साली अशा माणसाची कल्पना केली, ज्याची वेदना आपल्यासारखी वागतच नाही. तरीही त्याच्या प्रजातीच्या इतरांमध्ये जी अवस्था एरवी वेदनेचे काम करते तीच त्याच्यात असल्यामुळे ती वेदनाच, असे ते म्हणतात. परंतु त्या खाटेवर अण्णांना काय होत होते, हे इतरांच्या शरीरात काय घडते यावरून का ठरावे?

वेदनेची जाणीव आणि तिचा जाच ही दोन स्वतंत्र प्रकार्ये मानून ही अडचण सुटते का, आणि सुटत असेल तर जाच वगळल्यावर उरलेल्या जाणिवेचे प्रकार्य नेमके कोणते, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.