एक किलो चिकन, दोन माणसं आणि तोच तो रस्सा... वेगळं काय करता?

धायरीकर_नवी:
नमस्कार सगळ्यांना. आम्ही दोघंच असतो, मी आणि नवरा, धायरीला भाड्याने राहतो. दर रविवारी कोपऱ्यावरच्या दुकानातून एक किलो स्किनलेस करी कट आणते, या आठवड्यात 240 ने मिळालं. आणलं की सगळं एकदम कुकरला, कांदा टोमॅटो आणि तयार चिकन मसाल्याचं पाकीट. रविवारी दुपारी छान लागतं, रात्री ठीक, सोमवारी आमच्याकडे खात नाहीत, आणि मंगळवारी डब्यात तोच रस्सा दिला की डबा अर्धा परत येतो. मग बुधवारी कंटाळून बाहेरून बिर्याणी मागवली जाते आणि तेवढ्या पैशात दीड किलो चिकन आलं असतं असं दर वेळी मनात येतं.
दोन शेगड्या, मिक्सर, छोटा फ्रीज एवढंच आहे, ओव्हन नाही. नवरा जिमला जातो त्यामुळे प्रोटीन पण हवं. रेसिपीचे व्हिडिओ खूप बघितले पण प्रत्येकात क्रीम, बटर, काजू, आणि चार माणसांचं प्रमाण. दोघांसाठी, रोजच्या सामानात, वेगवेगळं होईल असं तुम्ही घरी काय करता ते सांगा ना.

कोल्हापूरची_लेक:
ताई, सगळं चिकन एकाच मसाल्यात टाकताय तिथेच अडतंय. आमच्याकडे आधी अळणी शिजवतात, मसाला नंतर. मी लग्नानंतर कर्वेनगरला आले तेव्हापासून दोघांसाठी असंच करते.
एक किलोला हळद, मीठ आणि आलं लसूण कोथिंबिरीचं वाटण चोळून अर्धा तास ठेवा. पातेल्यात दोन चमचे तेल, एक कांदा बारीक चिरून परता, त्यात चिकन घाला आणि पाच मिनिटं हलवत रहा. मग पातेल्यावर खोलगट ताट झाका आणि त्या ताटात पाणी ओता. चिकनला आधी स्वतःचंच पाणी सुटतं, ताटातलं पाणी कडकडीत झालं की ते आत घालायचं, गार पाणी अजिबात नाही. वीस पंचवीस मिनिटात पीस शिजतात आणि खाली पिवळसर पाणी उरतं, वर तुपासारखे छोटे छोटे थेंब दिसतात. तेच अळणी पाणी.
आता इथून फाटे फोडायचे. रविवारी दुपारी वाटीत गरम अळणी पाणी, त्यात मिरपूड आणि लिंबू, आणि अर्धे पीस कांदा लसूण मसाल्यात सुक्कं, भाकरीबरोबर. उरलेले पीस आणि पाणी निवलं की लगेच डब्यात भरून फ्रीजमधे. मंगळवारी त्यातल्या निम्म्याचा रस्सा, बाकीचं पाणी भाताला वापरून पुलाव. इंद्रायणी घेतलात तर मऊ, खिचडीसारखा होतो, आम्हाला तसाच आवडतो. मंगळवारच्या पुढे मात्र ठेवू नका, तेवढ्यात संपवा.
आणि पाकीट मसाला सोडा, निदान रोज तरी नको. सगळ्या कंपन्यांच्या पाकिटांची चव शेवटी एकाच वळणावर जाते. दोन कांदे उभे चिरून आणि अर्धी वाटी सुकं खोबरं काळपट होईपर्यंत भाजा, एक चमचा तीळ, दहा पाकळ्या लसूण, कोथिंबीर काड्यांसकट, वाटून बर्फाच्या ट्रेमधे लावा. दोघांच्या रश्शाला तीन चार वड्या पुरतात. संध्याकाळी कामावरून आल्यावर कांदा भाजत बसायला लागत नाही हा मोठा फायदा.

हडपसरचा_दादा:
लेकीचं बरोबर आहे, पण मी खरेदीपासूनच बदल करा म्हणेन. करी कट घेऊ नका, अख्खी कोंबडी घ्या. साफ केलेली सव्वा ते दीड किलोची मागा आणि कापायच्या आधी दुकानदाराला सांगा, दोन्ही तंगड्या अख्ख्या ठेव, छाती बोनलेस करून वेगळी दे, बाकीचे बारीक पीस, कलेजी पण टाक. एकदा सांगितलं की पुढच्या वेळी तो स्वतःच विचारतो. फक्त रविवारी अकराच्या गर्दीत सांगू नका, सकाळी आठला जा, मग नीट कापून देतो.
हिशोब बघा. 1.3 किलोची कोंबडी 240 ने 312 रुपये. त्यात दोघांची तीन जेवणं निघतात म्हणजे एका जेवणाचं चिकन 104 रुपयांना पडलं. बोनलेस वेगळं मागितलं की किलोचा भाव बराच वर जातो आणि ह्यात ते करी कटच्या भावात मिळतं, पाव किलोच्या थोडं वरच भरतं.
तंगड्यांना चिरा पाडून दही, लाल तिखट, आलं लसूण, मीठ, थोडं बेसन भाजून लावायचं. रात्रभर फ्रीजमधे, सकाळी नाही तर संध्याकाळी जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर, उलटत पालटत अर्धा तास. हाडाजवळ सुरी घातली की लाल पाणी येता कामा नये. शेवटी दोन मिनिटं चिमट्याने थेट गॅसवर धरा, तो जळका वास आला की तंदूरची आठवण रहात नाही.
छातीचं ठेचा चिकन. हिरव्या मिरच्या, लसूण, जाड मीठ, दाण्याचं कूट मुठीभर, हे खलबत्त्यात ठेचायचं, मिक्सरमधे चटणी होते. चिकनच्या बोटाएवढ्या पट्ट्या मोठ्या आचेवर तेलात पाच सहा मिनिटं, ठेचा घालून अजून दोन मिनिटं, लिंबू, उतरवा. छाती जास्त शिजली की चामट होते आणि मग लोक म्हणतात ब्रेस्ट पीस कोरडा असतो. तो कोरडा नसतो, आपण जास्त वेळ ठेवतो. जिमवाल्यांनी तर हेच खावं, 100 ग्रॅम कच्च्या छातीत 22 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं.
बाकीच्या हाडाच्या पिसांचा रस्सा, लेकीने सांगितला तसा.

बुधवार_शुक्रवार_रविवार:
दोघांना एकदम किलो आणायचंच कशाला? मी बुधवारी ऑफिसहून येताना अर्धा किलो आणि रविवारी अर्धा किलो घेतो. ताजं मिळतं, फ्रीजची कटकट नाही. मधे एखाद्या शुक्रवारी पाव किलो खिमा, मटार स्वस्त असेल तर मटार घालून, आणि बेकरीचा पाव. खिमा समोर काढून घ्या, आधी काढलेला घेऊ नका. वीस मिनिटात जेवण तयार.

धायरीकर_नवी:
बापरे किती छान लिहिलंय सगळ्यांनी, खूप खूप आभार. दादा, ते कूट घातलेलं ठेचा चिकन नवऱ्याला वाचून दाखवलं, उद्याच कर म्हणतोय. एक विचारायचं होतं, कुकर का नको? मी तीन शिट्ट्या करते, हाडं सुटून येतात आणि रश्शात बारीक तुकडे लागतात.

कोल्हापूरची_लेक:
हो ना, तेच. ब्रॉयलर कोंबडी सहा आठवड्यांच्या आसपासची असते, तिचं मांस कोवळं, तीन शिट्ट्यांत पार भुगा होणार. कुकर गावठीला लागतो, ती महिनोन महिने फिरलेली असते. ब्रॉयलरला कुकर लावायचाच असेल तर एक शिट्टी आणि लगेच गॅस बंद. पण पातेल्यात करून बघाच एकदा, वास घरभर जातो.

सिंहगडरोड_मधुरा:
फ्रीजरबद्दल लिहिते कारण मी स्वतः अख्खं किलो वाया घालवलंय. सुरुवातीला पिशवी आणली तशी फ्रीजरमधे टाकली, दगड झाला. ऑफिसला जाताना ओट्यावर काढून ठेवली, मे महिना, संध्याकाळी सातला आले तर बाहेरचे पीस चिकट, आंबूस वास आणि मधला गोळा अजून कडक. सगळं टाकलं, त्या दिवशी खूप वाईट वाटलं, पैशाचं पण आणि त्या जिवाचं पण.
आता आणल्या आणल्या एका वेळेचं एक असे भाग करते, झिपवाल्या पिशवीत हाताने दाबून चपटे, वर मार्करने तारीख आणि काय आहे ते, "तंगडी", "रस्सा", "छाती". चपटं असलं की लवकर गोठतं आणि लवकर सुटतं. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ताटात काढून ठेवायचं, खालच्या म्हणजे त्याचं पाणी कोथिंबिरीवर टपकत नाही. कच्चं नुसत्या फ्रीजमधे एक, फार तर दोन दिवस. एकदा सुटलेलं कच्चं परत फ्रीजरमधे घालायचं नाही. आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते त्यामुळे बुधवारपर्यंतचंच गणित ठेवते. आणि नळाखाली धार सोडून धुवू नका, शिंतोडे सगळ्या ओट्यावर उडतात. धुवायचंच तर पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने, मग हात आणि सुरी साबणाने.

पेठेतली_काकू:
पोरींनो, चिकनमधे भाजी घालायला विसरलात. आमच्या घरी सहा माणसं आणि अर्धा किलो कोंबडी असायची, बटाटा आणि शेवग्याच्या शेंगा घालून सगळ्यांना पुरायची, आणि शेंग रस्सा ओढून घेते ती चव पिसालाही नसते. हिवाळ्यात मंडईत मेथी स्वस्त झाली की मेथी चिकन कर. एक जुडी निवडून, मीठ लावून दहा मिनिटं ठेव, पाणी पिळून टाक, चिकन तेलात परतून अर्धं शिजलं की मेथी घाल. टोमॅटो नको, दोन चमचे दही घाल. कडू होत नाही. दोघांना पाव किलो चिकन रग्गड होतं त्यात.
कलेजी मिळते ती टाकू नकोस हो. कांदा, मिरपूड, थोडं आलं, पाच सात मिनिटं, आतून गुलाबी दिसली नाही पाहिजे. गरम पोळीबरोबर.
आणि गटारीला घ्यायला जाऊ नकोस, त्या दिवशी भाव चढलेला आणि रांग गल्लीच्या बाहेर. तुम्ही श्रावण पाळत नसाल तर श्रावणात घ्या, मागणी कमी असते म्हणून भाव उतरतो.

धायरीकर_नवी:
सांगायला आले परत. रविवारी सकाळी आठला गेले, अख्खी कोंबडी घेतली, दुकानातल्या काकांनी तंगड्या काढून दिल्या आणि कलेजी पण टाकली. दुपारी अळणी पाणी केलं, ताटात पाणी ठेवून, आणि नवऱ्याने आधी एक वाटी घेतली मग उरलेलं अजून एक वाटी, पुलावाला काही उरलंच नाही. काल तव्यावरच्या तंगड्या, गॅसवर धरल्या तेव्हा चिमटा तापून हाताला चटका बसला, पण वास अगदी तसाच आला. आज डबा रिकामा आला, आतून पुसल्यासारखा.
काकू, शेवग्याच्या शेंगा चिकनबरोबरच घालायच्या की नंतर? दोन शेंगा आणून ठेवल्यात.

पेठेतली_काकू:
नंतर गं. रस्सा उकळला की घाल, दहा बारा मिनिटं पुरे. बोटाएवढे तुकडे कर आणि साल सगळं काढू नकोस, नाहीतर शेंग रश्शात फुटून जाईल.