सेंट पीटर्सबर्गहून एकच दिवस: पीटरहॉफ की त्सारस्कोये सेलो?

रानभूल

नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये मी, नवरा, सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा असे रशियाला चाललोय. पीटर्सबर्गमध्ये सोमवार मोकळा आहे, त्यात शहराबाहेरचा एकच राजवाडा बसतो. नवऱ्याला त्सारस्कोये सेलोची अंबर रूम, म्हणजे तृणमण्यानं मढवलेली खोली, बघायचीय, मुलाला पीटरहॉफची कारंजी. सासूबाईंचे गुडघे जिना दिसला की कुरकुरतात, शिवाय त्या शाकाहारी. पीटरहॉफचा मोठा राजवाडा सोमवारी बंद असतो म्हणे. मग तिकडे जाण्यात अर्थ आहे का? आणि जायचं तर बोटीनं की रेल्वेनं?

पाटकरी

ताई, वाडा सोमवारी बंद असतो हे खरं, पण बाग आणि कारंजी चालू असतात. मी तर म्हणेन सोमवारच गाठा. वाडा बंद म्हणजे त्याच्या रांगेत उभं राहायचा मोहच नाही.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालोय, त्यामुळे माझं मत एकांगी समजा. लेक तिकडे शिकत होती तेव्हा गेलो होतो. सगळे सोन्याच्या पुतळ्यांसमोर फोटो काढत होते आणि मी लेकीला विचारत होतो, पाणी येतं कुठून? दीडशेच्या आसपास कारंजी, आणि पंप एकही नाही!

रशियाचा झार पीटर पहिला 1717 साली फ्रान्सच्या राजाचं व्हर्साय बघून आला. तिथे सेन नदीचं पाणी यंत्रानं उपसून आणायचे, तरी पुरत नसे. राजा फिरायला निघाला की त्याच्या वाटेवरची तेवढी कारंजी सोडायची, तो पुढे गेला की बंद. पीटरनं आधी जवळच्या स्ट्रेल्न्याला बाग मांडली होती, पण तिथे पाणी उचलावं लागणार हे दिसल्यावर भर पीटरहॉफवर दिला. इथे समुद्रालगत सोळा मीटरचा चढ, आणि दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर रोप्शाच्या उंचवट्यावर जिवंत झरे. 1721 मध्ये वासिली तुवोल्कोव्ह नावाच्या अभियंत्यानं तिथून पाट काढून दिला. बाकी सगळं काम उताराचं. मलिक अंबरनं खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहर आणली ती याच्या शंभरेक वर्षं आधी, याच तत्त्वावर. फक्त आपल्या नहरीवर सोन्याचा मुलामा नव्हता.

वाड्यामागे वरची बाग आहे, तिला तिकीट नाही. तिथली चौकोनी तळी शोभेची वाटतात, पण खालच्या बागेतल्या धबधब्याची साठवण तीच. सॅमसनच्या कारंज्याला वेगळी जलवाहिनी आहे, त्याची धार वीस मीटर उडते. सिंहाचा जबडा फाडणारा हा बायबलमधला सॅमसन म्हणजे रशियानं स्वीडनला हरवलं त्या 1709 च्या पोल्टावाच्या लढाईची आठवण, सिंह स्वीडनचा. लढाई संत सॅमसनच्या दिवशी जिंकली म्हणून सॅमसन. जुना पुतळा दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात असताना नाहीसा झाला. आजचा 1947 चा, सिमोनोव्ह या शिल्पकारानं नव्यानं घडवलेला. वाडाही जळून नुसत्या भिंती उरल्या होत्या, तो पुन्हा उभारलाय. पाण्याची वाट मात्र पीटरचीच. म्हणून मला विचाराल तर तिथे वाड्यापेक्षा पाणी जास्त अस्सल आहे.

बोटीनंच जा. खालच्या बागेच्या धक्क्यावर उतरवतात, तिथून कालव्याच्या कडेनं सपाट चालत थेट सॅमसनपाशी. रेल्वेनं गेलात तर वरच्या अंगाला पोचता आणि मग उतरणं आलं. गुडघ्यांसाठी वरची बाग सोडून द्या. अकराला संगीत लावून कारंजी सोडतात, त्याआधी पोचा.

नेवाकाठी

काकांचं पाणीप्रेम मान्य, पण अंबर रूमवर अन्याय होतोय! तीही पुन्हा केलेलीच आहे, पण 1979 ला काम सुरू होऊन 2003 ला खुली झाली. कारागिरांनी एवढी वर्षं एका खोलीवर घालवली, ती बघण्यासारखी नाही कसं म्हणता? आणि ती खोली ज्यात आहे तो कॅथरीन पॅलेस मंगळवारी बंद असतो, सोमवारी नाही. पण उन्हाळ्यात तिथे इतकी गर्दी असते की नऊ वर्षांचं पोर कंटाळून भंडावून सोडेल. मुलासाठी पीटरहॉफ, यावर मात्र माझंही मत तेच.

मी इथेच राहते म्हणून थोडं व्यवहाराचं. बोट म्हणजे ‘मीटिओर’, हर्मिटेज संग्रहालयाजवळच्या धक्क्यावरून सुटते, पाऊणएक तासात पोचवते. आखातात वारा सुटला की फेऱ्या रद्द होतात. तसं झालं तर मेट्रोनं आव्तोवो, तिथून बस. खालच्या बागेचं तिकीट एकदाच चालतं, बाहेर पडलात की परत नवीन. भारतातली व्हिसा, मास्टरकार्ड इथे चालत नाहीत, रोख रूबल हवेत. ऑगस्टमध्येही समुद्राकडचा वारा बोचतो, काकूंना स्वेटर द्याच.

खाण्याचं: बोर्श, म्हणजे बीटाचं सूप, बहुतेक ठिकाणी मांसाच्या पाण्यात उकळलेलं असतं, त्याच्या नादी लागू नका. पनीरसारखा त्वोरोग भरलेले ब्लिनी (पातळ घावन) आणि कोबीचे किंवा बटाट्याचे पिरोझकी (सारण भरलेले छोटे पाव) सहज मिळतात. मागताना “बेझ म्यासा”, म्हणजे मांसाशिवाय, म्हणायचं, पण कोबीच्या सारणात मांस घातलंय का ते तरीही विचारा. शहरात परतल्यावर पिश्की खा, पिठीसाखर भुरभुरलेल्या तळलेल्या गोल पिश्की. मुलगा खूश होईल.

रानभूल

दोघांचेही आभार! नवरा कुरकुरत तयार झालाय. काका, ती अंगावर पाणी उडवणारी कारंजी खरंच आहेत का? मुलानं व्हिडिओत बघितलीयत.

पाटकरी

आहेत की. खालच्या बागेत मोंप्लेझिर नावाचा पीटरचा छोटा वाडा आहे, त्याच्याजवळ बाकं आहेत, समोर गोटे पेरलेत. ठरावीक गोट्यावर पाय पडला की पाणी उडतं अशी पोरांची खात्री असते, आणि तासन् तास गोटे तुडवत बसतात. खरं म्हणजे जवळच आडोशाला एक माणूस बसून व्हॉल्व्ह फिरवतो. मी त्याला शोधून काढला, नमस्कार केला, त्यानंही मान डोलावली. खात्यातला माणूस ओळखू येतो. मुलाला हे आधी सांगू नका, दुसरा टी-शर्ट तेवढा घ्या.