जुन्या चित्रपटातील नियंत्रण फलक: त्यावरचे सुटे भाग मूळचे कशाचे असावेत?

गिरणगावकर (प्रश्नकर्ता)

नमस्कार. माझे दिवंगत चुलते परळ भागातील एका स्टुडिओच्या कलाविभागात सुतारकाम करीत असत. लालबागच्या घराचा पोटमाळा रिकामा करताना गोणपाटात गुंडाळलेला, साधारण अडीच फूट रुंदीचा प्लायवूडचा एक फलक सापडला. खलनायकाच्या अड्ड्यात भिंतीवर दिवे आणि तबकड्या असत, तशा धर्तीचा तो आहे. घरातील वडीलधाऱ्यांच्या सांगण्यानुसार तो १९६० च्या दशकातील एका रहस्यपटासाठी बनवला होता. चित्रपटाचे नाव मात्र कोणालाच आठवत नाही. मला तो विकायचा नाही. तो जसा आहे तसा जतन करायचा आहे, आणि त्याआधी काकांनी त्यावर नेमके काय काय बसवले हे समजून घ्यायचे आहे.

डावीकडे ॲल्युमिनियमची, कंगोरे असलेली नळी आडवी बसवली आहे. तिच्या एका टोकाला आटे आहेत आणि अंगावर एक लांबट खाच आहे. मध्यभागी पितळेची चकती असून तिच्या मधोमध चांदणीच्या आकाराचे छिद्र आहे, आणि मागे लहान लाल बल्ब बसवलेला आहे. तिच्या वर काळ्या तबकडीचे काचबंद उपकरण आहे. त्याच्या पाठीवर मुकुटाची खूण, इंग्रजी ‘ए’ आणि ‘एम’ ही अक्षरे व ‘६ ए’ ने सुरू होणारा क्रमांक कोरलेला आहे. तबकडीवरचे आकडे तपकिरी-पिवळट पडले आहेत. उजवीकडे लाल, घुमटाकार भिंगांची रांग आहे. सर्वांत खाली बोटभर लांबीची पारदर्शक प्लास्टिकची पट्टी असून तिच्यावर ओळीने छोटे फुगवटे आहेत, आणि फलकाच्या मागे पांढऱ्या चिनी मातीचा, दोन भागांत निघणारा एक ठोकळा आहे. फलकावर करड्या रंगाचा हात मारलेला असून काही ठिकाणी त्याखालून हिरवा रंग डोकावतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वायरमन_दादर

सर्वप्रथम त्या काचबंद उपकरणाविषयी सांगतो, कारण तो कुतूहलाचा नव्हे तर काळजीचा विषय आहे. मुकुट आणि ‘ए. एम.’ ही ब्रिटिश हवाई मंत्रालयाची खूण होय, आणि त्यांच्या भांडारपद्धतीत ‘६ ए’ हा विभाग विमानातील मापन उपकरणांचा होता. तेव्हा ही दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासच्या विमानाची तबकडी असण्याची शक्यता फार मोठी आहे. युद्धानंतर असा लष्करी माल डिस्पोजलमध्ये निघाला आणि जुन्या बाजारात पोहोचला. अशा तबकड्यांचे आकडे अंधारात दिसावेत म्हणून त्यांवर रेडियमयुक्त, म्हणजे किरणोत्सर्गी, रंग देत. आकडे आज चमकत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी झाला असे समजू नये: चमकणारे रसायन काही वर्षांत थकते, परंतु रेडियमचे अर्धायुष्य (किरणोत्सर्ग निम्म्यावर यायला लागणारा काळ) सुमारे १६०० वर्षांचे आहे. काच उघडू नका, आकडे खरवडू नका, काच तडकली असेल तर फलक झाकून ठेवा आणि तो झोपण्याच्या खोलीत टांगू नका. रंगाची धूळ श्वासावाटे किंवा हातावाटे पोटात जाणे हा खरा धोका आहे.

आता नळी. तिचा आतील व्यास मोजा. टॉर्चमध्ये पडणारा मोठा सेल सुमारे ३४ मिलिमीटर जाड आणि ६१ मिलिमीटर लांब असतो. व्यास त्याहून किंचित जास्त भरला आणि लांबी दोन किंवा तीन सेलच्या पटीत आली, तर ती टॉर्चचीच नळी समजा. लांबट खाच ही सरकत्या बटणाची जागा, आणि टोकाचे आटे झाकणाचे. अशा कंगोरेदार टॉर्च ‘एव्हरेडी’ आणि ‘जीप’ या नावांनी घरोघरी होत्या. नळीवर कोठे छाप उरला आहे का, हे तिरप्या उजेडात पाहावे.

लाल भिंगांसाठी सोपी चाचणी आहे. खोलीत अंधार करून बॅटरी डोळ्यालगत धरा आणि भिंगावर उजेड पाडा. उजेड झळकन डोळ्यांकडेच परतला, तर ते सायकलच्या मडगार्डवरचे रिफ्लेक्टर आहेत. रिफ्लेक्टरला मागून दिवा लावल्यास तो नीट उजळत नाही, त्यामुळे त्यांच्यामागे बल्ब बसवलेले असतील आणि ते छान उजळत असतील, तर ती स्कूटरच्या किंवा मोटारीच्या दिव्याची भिंगे असावीत.

अन्नपूर्णा_ठाणे

पितळेच्या चकतीविषयी मला तरी शंका वाटत नाही. ती सोऱ्याची चकलीची ताटली आहे. आमच्या घरी आजीचा पितळी सोऱ्या आहे. त्याच्यासोबत बारीक शेव, जाड शेव, पट्टी आणि चकली अशा ताटल्या येतात. चांदणीच्या कडा आतल्या बाजूने किंचित उतरत्या असतील, कारण पीठ दाबले की ते न फाटता काटेरी बाहेर पडावे लागते. शिवाय ताटली सोऱ्याच्या तळाशी बसावी म्हणून तिच्या कडेला पातळ ओठ असतो. तो फलकाच्या लाकडात खाच पाडून बसवला आहे का, ते पाहा. काकांनी मागे लाल दिवा ठेवून त्याची चांदणी केली, हे वाचून मला फार कौतुक वाटले. दिवाळीत आमच्या घरातली ताटली पुन्हा हातात घेईन तेव्हा मला हा फलक नक्की आठवेल.

कलाविभाग_गोरेगाव

अन्नपूर्णाताईंच्या उत्तरात या विद्येचे मर्म आले आहे. चित्रपटाच्या प्रॉपर्टीमधील, म्हणजे चित्रीकरणासाठी बनवलेल्या वस्तूंमधील, भाग ओळखायला चित्रपटाचा अभ्यासक पुरत नाही. तो भाग मुळात ज्या कामाचा आहे, त्या कामातला माणूस लागतो. मी स्वतः कलाविभागात उमेदवारी केली आहे. आमचे वरिष्ठ वस्तू निवडताना तिच्या उपयोगाकडे पाहतच नसत. कॅमेऱ्यापुढे ती यंत्रासारखी दिसते का, तिच्यावर उजेड कसा पडतो, एवढेच ते पाहत. म्हणून ओळखणाऱ्याने उलट्या वाटेने जावे लागते: चित्रपटातील अर्थ बाजूला ठेवायचा आणि वस्तूची पाठ, आटे, व्यास व साच्याच्या खुणा पाहून तिचे मूळ काम शोधायचे.

परदेशातील एक प्रसिद्ध उदाहरण येथे उपयोगी पडेल. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ मध्ये नायकाच्या प्रकाश-तलवारीची मूठ ही ‘ग्राफ्लेक्स’ या अमेरिकी कंपनीच्या छायाचित्रण फ्लॅशची, तीन सेल बसणारी नळी होती. सेट सजावटकार रॉजर ख्रिश्चन यांना ती लंडनच्या एका छायाचित्रण साहित्याच्या दुकानात मिळाली. त्यांनी तिच्यावर काळ्या पट्ट्या चिकटवल्या आणि पकडीच्या जागी गणकयंत्रातील (कॅल्क्युलेटरमधील) फुगवट्यांची पारदर्शक पट्टी बसवली. त्याच चित्रपटातील वृद्ध गुरूंच्या तलवारीत पहिल्या महायुद्धातील रायफल-ग्रेनेडचा भाग, ‘रोल्स-रॉइस डरवेंट’ या जेट इंजिनाची एक नळी आणि स्नानघरातील नळाची चावी एकत्र आली आहे. चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर हे एकेक भाग ओळखायला चाहत्यांना अनेक वर्षे लागली, कारण विमानाचे भंगार जाणणारा आणि नळांचे सामान जाणणारा हे सहसा एकमेकांना भेटत नाहीत. घरगुती वस्तूंची उदाहरणे त्याहून सोपी आहेत: १९८५ च्या ‘बॅक टू द फ्यूचर’ मधील कचऱ्यावर चालणारी अणुभट्टी हे ‘क्रुप्स’ कंपनीचे कॉफी दळण्याचे यंत्र आहे, आणि १९८४ च्या ‘घोस्टबस्टर्स’ मधील भुते शोधणारे उपकरण बुटांना पॉलिश करण्याच्या विजेच्या यंत्रावर रचलेले आहे.

ज्या पट्टीचा मी वर उल्लेख केला, तीच बहुधा तुमच्या फलकाच्या तळाशी आहे, आणि कालनिर्णयाच्या दृष्टीने तुमच्याकडील सर्वांत मोलाचा पुरावा तोच आहे. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी आलेल्या खिशातल्या गणकयंत्रांत लाल प्रकाशाचे आकडे अतिशय लहान असत, कारण प्रकाश देणारे अर्धवाहक द्रव्य महाग होते. ते आकडे वाचता यावेत म्हणून प्रत्येक आकड्यावर एक भिंग अशी सलग पट्टी बसवत. त्या दशकाच्या अखेरीस द्रवस्फटिकाचे पडदे आले आणि ही पट्टी नाहीशी झाली. फुगवटे आठ किंवा नऊ असतील आणि त्यांच्यातील अंतर अगदी समान असेल, तर माझा अंदाज बरोबर धरावा.

कोणतीही प्रॉपर्टी तिच्यावरील सर्वांत नव्या भागापेक्षा जुनी असू शकत नाही; अपवाद एवढाच, की तो भाग नंतरच्या दुरुस्तीत बसवलेला असावा. हा निवाडा रंग करतो. तुम्ही दोन रंग सांगितले आहेत, खाली हिरवा आणि वर करडा. पट्टी हिरव्या रंगावर बसली आहे, करड्यावर बसली आहे की तिच्याखाली कोरे लाकूड आहे, हे कडेने काळजीपूर्वक पाहा. करडा रंग पट्टीच्या कडेवर चढला असेल, तर रंगकाम पट्टी बसवल्यानंतरचे आहे. आमच्याकडे एकच फलक अनेक चित्रपटांत भाड्याने फिरत असे. प्रत्येक वेळी नवा रंग लागे, एखादा दिवा वाढे, एखादी तबकडी काढली जाई. म्हणून रंगाचा कोणताही थर घासू नका, पॉलिश करू नका. हिरव्या रंगातला फलक एका चित्रपटात आणि करड्या रंगातला दुसऱ्या चित्रपटात दिसला असण्याचा पुरेपूर संभव आहे.

स्क्रूही पाहावेत. जुन्या ब्रिटिश विद्युत-सामानात ‘बी. ए.’ (ब्रिटिश असोसिएशन) मापाचे आटे असत. चार नंबरचा ‘बी. ए.’ स्क्रू ३.६ मिलिमीटरचा असल्याने तो मेट्रिक स्क्रूसारखा भासतो, पण मेट्रिक नट त्यावर एक-दोन फेऱ्यांनंतर अडतो. भारतात मेट्रिक मापांचा अधिकृत वापर ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला, मात्र जुना माल त्यानंतरही दीर्घकाळ वापरला गेला. तेव्हा स्क्रूवरून भागाचे कूळ कळेल, साल कळणार नाही.

चित्रपट शोधायचा असल्यास फलकाचे समोरून, दोन्ही बाजूंनी उजेड पाडून छायाचित्र काढा आणि त्यातील ओरखडे व भागांची रचना टिपून ठेवा. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात (स्थापना १९६४) जुन्या चित्रपटांची स्थिरचित्रे व पुस्तिका आहेत. तुलना करताना टॉर्च किंवा भिंगे जुळवू नका, कारण तशीच दुसऱ्या दहा फलकांवर सापडतील. एखादा तिरका बसलेला दिवा किंवा प्लायवूडचा तुटलेला कोपरा जुळवा.

गिरणगावकर (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तबकडीची काच शाबूत आहे. फलक आता कापडाखाली झाकून बाहेरच्या खोलीतील कपाटावर ठेवला आहे. नळीचा आतील व्यास ३५ मिलिमीटर भरला आणि दोन सेलची लांबी बरोबर आली. चकतीच्या कडेला ओठ आहे आणि तो लाकडात खाच करून इतका नेमका बसवला आहे, की मागून पाहिल्याशिवाय दिसत नाही. काकांच्या पटाशीचे काम म्हणजे काय, हे मला प्रथमच कळले. लाल भिंगे बॅटरीच्या उजेडात झळकली, म्हणजे ती सायकलचीच आहेत, आणि त्यांच्यामागे बल्बची जागाही नाही. चित्रीकरणाचा उजेड परतवण्यापुरतीच ती असावीत.

पट्टीवर नऊ फुगवटे आहेत. तिच्याखाली करडा रंग सलग आहे आणि तिच्या कडेवर रंगाचा एकही शिंतोडा नाही. याचा अर्थ मी असा लावतो, की हिरवा फलक घरच्यांच्या आठवणीप्रमाणे १९६० च्या दशकातील असू शकतो, करडा रंग नंतरचा आहे आणि पट्टी त्याहूनही नंतर, म्हणजे १९७० च्या दशकात किंवा पुढे बसवली गेली आहे. हा तर्क योग्य आहे का? आणि चिनी मातीचा ठोकळा अजून राहिला आहे.

कलाविभाग_गोरेगाव

तर्क योग्य आहे, फक्त हिरव्या थराविषयी ‘असू शकतो’ हाच शब्द कायम ठेवा. त्यासाठी त्या थराखाली दबलेला एखादा भाग सापडायला हवा. चकतीचा ओठ जिथे लाकडात बसला आहे, त्या खाचेत हिरवा रंग उतरला आहे का, हे पाहिल्यास चकती पहिल्या घडणीतली आहे की नाही ते ठरेल.

वायरमन_दादर

ठोकळा म्हणजे जुन्या घरांत मीटरशेजारी असलेला किटकॅट फ्यूज. वरचा भाग ओढून काढला की आत दोन पितळी पाती दिसतील आणि त्यांच्यामध्ये फ्यूजची तार असेल किंवा तिचे जळके टोक असेल. हा भाग शोभेचा नाही. फलकाच्या दिव्यांना वीज त्यातूनच मिळत असे. वायरवरचे जुने रबर हाताळताच तुकडे होऊन पडते, त्यामुळे हा फलक घरच्या विजेला कधीही जोडू नका. चांदणी पुन्हा उजळावी असे वाटत असेल, तर जुनी वायर न काढता तशीच ठेवा आणि चकतीमागे दीड व्होल्टच्या दोन सेलवर चालणारा वेगळा लहान दिवा लावा.