‘तेव्हा कोठे गेला होता, राधासुता, तुझा धर्म?’ : अर्थ आणि वापर

प्रश्न

मोरोपंतांच्या आर्येतून रूढ झालेली ही ओळ आता म्हणीसारखी वापरली जाते. अग्रलेखात, सभागृहातल्या भाषणात, वाचकांच्या पत्रांत ती हमखास भेटते. मात्र तिचा नेमका आशय काय, याविषयी माझ्या मनात गोंधळ आहे. ‘तूही पूर्वी हेच केलेस, तेव्हा आता गप्प बस’ एवढेच तिला म्हणायचे असेल, तर ती वादातली सोयीची पळवाट ठरते, कारण एखाद्याने काल अन्याय केला म्हणून आज त्याच्यावर होणारा अन्याय न्याय्य होत नाही. रथाचे चाक जमिनीत रुतलेल्या कर्णाने युद्धनियमांची आठवण करून दिली, यात त्याचे चुकले तरी काय? आणखी एक शंका निव्वळ व्याकरणाची आहे. ‘सुता’ म्हणजे कन्या. मग कर्णाला ‘राधासुता’ कसे म्हटले? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

प्रतिसाद

व्याकरणाची शंका आधी मिटवू. ‘राधासुता’ हे ‘राधासुत’ या पुल्लिंगी नामाचे मराठी संबोधन आहे. देव–देवा, पुत्र–पुत्रा, तसेच सुत–सुता. संस्कृतातल्या कन्यावाचक ‘सुता’शी त्याचा संबंध नाही. संबोधनापूर्वी आणि नंतर स्वल्पविराम दिला की हा घोटाळा होत नाही; पण छापताना तो बहुधा गळतो.

मात्र हे संबोधन केवळ मात्रा जुळवण्यासाठी आलेले नाही. महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण याच प्रसंगी कर्णाला ‘राधेय’ म्हणूनच हाक मारतो : ‘राधेय दिष्ट्या स्मरसीह धर्मम्’, म्हणजे राधेया, तुला येथे धर्म आठवला हे बरे झाले. कर्ण हा कुंतीचा पुत्र आहे, हे कृष्णाला ठाऊक आहे. उद्योगपर्वात शिष्टाई फसल्यावर त्याने कर्णाला रथात घेऊन ते सांगितले होते आणि ‘पाण्डोः पुत्रोऽसि धर्मतः’, धर्मशास्त्राप्रमाणे तू पांडूचाच मुलगा आहेस, असा युक्तिवादही केला होता. त्यावर कर्णाने जे उत्तर दिले ते त्याच्या संपूर्ण चरित्रातले सर्वात उजळ वचन आहे. कुंतीने टाकून दिल्यावर अधिरथाने घरी आणले, मला पाहून त्याच्या पत्नीला, राधेला, पान्हा फुटला, तिने माझी घाण काढली, अधिरथाने जातकर्म केले, वसुषेण हे नाव ठेवविले. राधेचा पिंड, म्हणजे तिला मुलाकडून मिळायचे पिंडदान, मी कसा तोडू, असे तो विचारतो. तेव्हा ‘राधेय’ ही त्याने स्वतः निवडलेली ओळख आहे, आणि कृष्ण रणांगणावर त्याला त्याच ओळखीने बोलावतो. शेजारी अर्जुन उभा आहे आणि त्याला नाते माहीत नाही. ‘कौंतेया’ म्हटले असते तर युद्ध तेथेच थांबले असते. हे संबोधन कृष्णाला सोयीचे होते, ही गोष्ट कोणी नाकारू नये. परंतु ते खोटेही नव्हते.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. सगळा पेच ‘धर्म’ या एकाच शब्दाचा आहे, कारण त्या प्रसंगात तो शब्द तीन वेळा तीन अर्थांनी येतो आणि ओळ म्हणून वापरताना आपण ते तिन्ही अर्थ एकात कालवतो.

चाक रुतल्यावर कर्ण प्रथम धर्माची निंदा करतो, हे फारसे कोणाच्या लक्षात राहत नाही. धर्म हा धर्मनिष्ठांचे रक्षण करतो असे धर्मवेत्ते नेहमी सांगतात, आम्ही यथाशक्ती तो पाळत आलो, तरी तो भक्तांना मारतोच आहे, म्हणून धर्म नेहमी रक्षण करतो असे मला वाटत नाही, अशा अर्थाचे त्याचे उद्गार आहेत. येथे धर्म म्हणजे जगाचा हिशेब ठेवणारी शक्ती. त्यानंतर थोड्याच वेळात तो अर्जुनाला म्हणतो, ‘मुहूर्तं परिपालय’, क्षणभर थांब. केस सुटलेल्यावर, पाठ फिरवलेल्यावर, हात जोडलेल्यावर, शरण आलेल्यावर, शस्त्र टाकलेल्यावर, बाण संपलेल्यावर, कवच गळालेल्यावर शूर पुरुष प्रहार करीत नाहीत. येथे धर्म म्हणजे युद्धाची आचारसंहिता, लढवय्यांनी आपापसांत मान्य केलेले नियम. आणि कृष्ण उत्तर देतो तेव्हा तो या दोन्ही अर्थांना बाजूला सारून तिसरा अर्थ पुढे करतो, तो म्हणजे सबलाने दुर्बलाशी कसे वागावे हा प्रश्न. एकवस्त्रा द्रौपदीला सभेत आणविले, तेव्हा तुला धर्म सुचला नाही. द्यूत न जाणणाऱ्या युधिष्ठिराला द्यूत जाणणाऱ्या शकुनीने जिंकले, तेव्हा तुझा धर्म कोठे गेला होता? रजस्वला द्रौपदी दुःशासनाच्या हाती सापडली आणि तू हसलास, ‘क्व ते धर्मस्तदा गतः’? हेच धृपद मोरोपंतांनी (१७२९–१७९४) मराठीत आणले.

कृष्णाच्या प्रश्नमालिकेत अर्जुनाच्या कृत्याला ‘धर्म्य’ म्हणणारे एकही वाक्य नाही, याकडे मी लक्ष वेधू इच्छितो. चाक रुतलेल्या शत्रूवर बाण सोडणे नियमात बसते, असे तो म्हणत नाही. दुर्योधन पडल्यावर शल्यपर्वात तर तो उघड सांगतो की भीष्म, द्रोण, कर्ण, भूरिश्रवा यांना सरळ युद्धात मारणे तुम्हाला शक्य नव्हते. म्हणजे प्रश्नकर्त्याला जी पळवाट वाटते, ती मूळ ग्रंथात घेतलेलीच नाही. ‘तू अधर्म केलास म्हणून आमचा अधर्म हा धर्म आहे’ असा दावा येथे नाही. दावा इतकाच आहे की, धर्माच्या नावाने सवलत मागण्याचा अधिकार कर्णाने गमावला आहे. कृत्य योग्य आहे का हा एक प्रश्न, आणि त्याविरुद्ध दाद कोण मागू शकतो हा दुसरा. ही ओळ केवळ दुसऱ्या प्रश्नाची आहे.

आणखी एक प्रतिसाद

आपले विवेचन पटण्यासारखे आहे. परंतु अधिकार गमावण्याचा हा न्याय मला कठोर वाटतो. कृष्णाच्या यादीतली सगळी पापे कर्णाची नाहीत. द्यूताचे फासे शकुनीचे, वस्त्राला हात दुःशासनाचा, आज्ञा दुर्योधनाची. प्रचलित पाठात तर भीमाला घातलेले विष आणि वारणावतातले लाक्षागृह यांचाही जाब त्याच्याकडेच मागितला आहे. कर्ण हा मित्राच्या ऋणात अडकलेला, जन्माने डावललेला माणूस होता. त्याची कवचकुंडले मागून नेली, त्याला शाप मिळाले, आणि शेवटी दुसऱ्यांच्या पापांची यादीही त्याच्याच पुढे वाचली गेली. ‘राधासुता’ या जागी ‘सुयोधना’, म्हणजे दुर्योधना, असते तर मला ही ओळ अधिक न्याय्य वाटली असती.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

आपला आक्षेप अर्धा मान्य. यादी लांब आहे ती प्रचलित पाठात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ पासून हाती घेतलेल्या आणि १९६६ साली पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीत, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून ठरवलेल्या पाठात, ती बरीच आखूड झाली आहे आणि जे उरते ते मुख्यतः द्यूतसभेपाशीच थांबते. विष आणि लाक्षागृह यांचे ओझे नंतरच्या कथेकऱ्यांनी कर्णाच्या पाठीवर टाकले असावे, असे म्हणायला जागा आहे.

पण द्यूतसभेचे ओझे त्याचे स्वतःचेच आहे, आणि ते आपण समजता त्याहून जड आहे. त्या सभेत भीष्म धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून निर्णय देता येत नाही असे सांगत होते, बाकीचे वृद्ध माना खाली घालून होते, आणि कौरवांपैकी एकटा विकर्ण उठून म्हणाला की द्रौपदी जिंकली गेलेली नाही. त्याला गप्प बसवणारा कर्ण आहे. स्त्रीला एकच पती देवांनी नेमला आहे, ही अनेकांची, म्हणून ती ‘बंधकी’ ठरते, असे तो भरसभेत म्हणाला; ‘बंधकी’ म्हणजे कुलटा, वेश्या. तिला एकवस्त्रा किंवा विवस्त्रा आणले तरी त्यात आश्चर्य नाही, असेही म्हणाला. आणि ‘पाण्डवानां च वासांसि द्रौपद्याश्चाप्युपाहर’, पांडवांची आणि द्रौपदीचीही वस्त्रे काढून घे, ही दुःशासनाला दिलेली आज्ञा त्याच्याच तोंडची आहे. आपण ती दुर्योधनाच्या खात्यावर मांडलीत. ग्रंथ तसे म्हणत नाही. मित्रऋणाने माणूस युद्धाला उभा राहतो, हे समजण्यासारखे आहे. एका स्त्रीच्या बाजूने उठलेला आवाज दाबण्याची मागणी त्या ऋणात नव्हती, ती कर्णाने आपणहून पुरवली.

अभिमन्यूचेही तसेच. याला मारावे कसे, असे कर्ण द्रोणांना विचारतो. हाती धनुष्य असताना हा देवदानवांनाही जिंकता येणार नाही, त्याला विरथ आणि धनुष्यहीन कर, असे द्रोण सांगतात आणि कर्ण त्याचे धनुष्य तोडतो. पुढे सोळा वर्षांच्या त्या मुलाला अनेक महारथ्यांनी घेरून मारले. रथहीन, आयुधहीन योद्ध्यावर प्रहार करू नये, हा नियम कर्णाला चारच दिवसांनी आठवतो. कृष्णाच्या यादीत हा श्लोक प्रचलित पाठातच आहे, तरीही कर्णाच्या वागण्यातली विसंगती सर्वात अचूक दाखवणारा तोच आहे, कारण तेथे नियम अक्षरशः एकच आहे.

तरीदेखील कर्णाला मी खलनायक म्हणणार नाही, आणि त्याचे कारण उद्योगपर्वातच आहे. त्याच संवादात तो कृष्णाला म्हणतो : ‘यदब्रुवमहं कृष्ण कटुकानि स्म पाण्डवान् । प्रियार्थं धार्तराष्ट्रस्य’, दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून मी पांडवांना जे कडू बोललो, त्या कर्माने आज पोळतो आहे. कौरवपक्षात युद्धापूर्वी इतकी स्पष्ट कबुली दुसऱ्या कोणी दिलेली मला आठवत नाही. पण ती कबुली नीट वाचावी. ती एकांतात दिलेली आहे, तिच्यात पांडवांचा उल्लेख आहे आणि द्रौपदीचा नाही, आणि ती दिल्यावरही तो परत त्याच छावणीत जातो. विसाव्या शतकातल्या मराठी कादंबरीने आणि रंगभूमीने कर्णाच्या दुःखाला एवढी जागा दिली की हा श्लोक त्याच्या बाजूचा पुरावा म्हणूनच वाचला जातो. मला तो दोन्ही बाजूंचा पुरावा वाटतो. ज्याला कळतच नव्हते त्याला ‘तुझा धर्म कोठे गेला होता’ असे विचारण्यात अर्थ नाही. दुर्योधनाला हा प्रश्न टोचला नसता. कर्णाला कळत होते, म्हणून ओळीत ‘राधासुता’ हवे, ‘सुयोधना’ चालणार नाही. प्रचलित पाठ तर सांगतो की हे ऐकून कर्णाने लाजेने मान खाली घातली आणि काहीच उत्तर दिले नाही.

ओघात एक गैरसमज दूर करतो. कृष्णाच्या प्रश्नानंतर कर्णाचा तत्काळ वध झाला, असे सर्रास सांगितले जाते. तसे नाही. तो पुन्हा धनुष्य उचलतो, ब्रह्मास्त्र सोडतो, त्याच्या बाणाने अर्जुनाला भोवळ येते आणि ती संधी साधून तो पुन्हा चाकाला हात घालतो. निःशस्त्र कर्णावर बाण, हे चित्र अगदी शेवटच्या क्षणापुरते खरे आहे.

प्रश्नकर्ता

खुलाशाबद्दल आभारी आहे. आता वापराविषयी विचारतो. ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ किंवा ‘चोराच्या उलट्या बोंबा’ यांच्या जागी ही ओळ चालेल का?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

माझ्या मते चालू नये. ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान’ हे उपदेशकाला लागू पडते. कर्ण उपदेश करीत नाही, स्वतःसाठी सवलत मागतो. ‘चोराच्या उलट्या बोंबा’मध्ये बोंब खोटी असते, कर्णाची तक्रार खरी आहे, नियम खरोखरच मोडला जात आहे. या ओळीसाठी परिस्थिती अशी हवी की तक्रार खरी, नियमही खरा, परंतु तोच नियम तक्रार करणाऱ्याने हाती सत्ता असताना पायदळी तुडवलेला. गृहनिर्माण संस्थेच्या ज्या अध्यक्षाने वर्षानुवर्षे सूचनापत्राशिवाय सभा उरकल्या, तो पायउतार झाल्यावर ‘मला सूचनापत्र मिळाले नाही’ म्हणून ओरडू लागला, तर ही ओळ त्याला चपखल बसते. सूचनापत्र द्यायला हवे होते, हे मात्र त्याने खोटे ठरत नाही, आणि नव्या अध्यक्षाने ही ओळ फेकून आपली सुटका करून घेऊ नये.

सर्वात वाईट वापर आजकाल उलट्या दिशेने होतो. एखादी कर्मचारी बाई वर्षांनंतर अन्यायाविरुद्ध बोलू लागली की तिला ऐकवले जाते, ‘तेव्हा कोठे गेला होता तुझा धर्म?’ ओळीतला ‘तेव्हा’ हा शब्द सभेत आवाज असलेल्या माणसासाठी आहे. द्यूतसभेत तो आवाज कर्णाला होता. दासी ठरवून ओढून आणलेल्या द्रौपदीने प्रश्न विचारला आणि सभेने तो अनुत्तरित ठेवला. तिने पुढे कधी तक्रार केली असती तर तिला ही ओळ ऐकवणारा माणूस नेमका कोणाच्या रांगेत बसला असता, हे सांगायला नको.

दुसऱ्या प्रतिसादकाकडून

‘सुयोधना’चा माझा आग्रह मागे घेतो, वस्त्रांच्या आज्ञेविषयीचा श्लोक काढून पाहिला. पाठाबद्दल एक विचारावयाचे राहिले. ‘तेव्हा गेला होता कोठे’ आणि ‘तेव्हा कोठे गेला होता’ अशी दोन्ही रूपे ऐकू येतात, आणि छापील मजकुरात तर ‘कुठे’ही दिसते.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

आर्या-गीतीच्या अर्धात १२ आणि १८ अशा ३० मात्रा लागतात. वरच्या दोन्ही रूपांत त्या बरोबर भरतात आणि बाराव्या मात्रेवर यतीही (विराम) येतो, त्यामुळे छंदावरून निवाडा होत नाही. जुन्या पुस्तकांत मला ‘तेव्हा गेला होता कोठे’ हे अधिक आढळले आहे. ‘कुठे’ घातले की मात्र एक मात्रा कमी पडते. बोलताना खुशाल ‘कुठे’ म्हणावे. अवतरणचिन्हांत आणि मोरोपंतांच्या नावावर लिहायचे असेल तर ‘कोठे’च हवे.