क्रॉस नवा, तरी हादरा? आधी योक बघा
प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) जोडात नवा क्रॉस, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा तुकडा, टाकूनही कळंबोलीहून माल भरून निघालं की गाडी हादरते, असं एकाने विचारलंय. क्रॉसला दोष देण्याआधी स्लिप योक बघा. योक म्हणजे क्रॉसला धरणारा काटा; स्लिप योक शाफ्टच्या दात्यांवर पुढे-मागे सरकतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत. खोलण्याआधी छिन्नीने खूण केली नसेल तर स्लिप योक एखादा दाता सरकून बसतो.

दुसरं, क्रॉसच्या टोकांवरचे बेअरिंगचे कप ठोकताना आतली एखादी सुई (बारीक रोलर) आडवी पडते. मग कप पूर्ण आत जात नाही, सर्क्लिपची (कप जागेवर धरणारी कडी) खाच अर्धीच उघडते. तिथे जोर लावू नका! कप काढा, सुया ग्रीसने चिकटवा, क्रॉसचा दांडा कपात धरूनच दाबा. क्रॉस हाताने फिरला पाहिजे. अडकला तर योकच्या कानावर पितळी हातोडीने हलकी थाप. ग्रीस चारही सीलमधून बाहेर येईपर्यंत मारा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की पुन्हा ग्रीस मारा.