रेझिस्टन्स आणि रेझिस्टिव्हिटी घरच्या घरी कशी दाखवू? (नववी, पुणे) सल्ला हवाय

कर्वेनगरची_आई:
लेक नववीला, स्टेट बोर्ड, सेमी. धाराविद्युतचा धडा चालू आहे, आर इज इक्वल टू रो एल बाय ए (आर म्हणजे रेझिस्टन्स, रो म्हणजे रेझिस्टिव्हिटी, एल लांबी, ए तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ) तोंडपाठ, गणितंही पटापट सोडवते. पण काल सहज विचारलं की वायर मधोमध कापली तर रेझिस्टिव्हिटी किती होईल, तर म्हणे निम्मी! मी बीकॉम, पुढे काय सांगू कळेना. अजून एक क्लास लावायचा नाहीये. घरी करून बघता येईल असं काहीतरी सुचवा, पाचशेच्या आत, आणि प्लगमध्ये काही घालायचं नाही, सासूबाई घाबरतात.

मल्टिमीटरवाला:
बुधवारात तपकीर गल्लीत जा, साधा डिजिटल मल्टिमीटर (रेझिस्टन्स ओहममध्ये मोजणारं यंत्र) घ्या. मग कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानातून शेगडीच्या दोन कॉइल घ्या, एक १००० वॉटची एक २००० ची, दोन्ही नायक्रोमच्या (निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू) आहेत ना विचारून घ्या. प्लगला लावायच्याच नाहीत, नुसत्या मोजायच्या. पहिली साधारण ५३ ओहम दाखवेल, दुसरी २६ च्या आसपास. मटेरियल एकच मग आकडा वेगळा का, हे तिलाच शोधू द्या. तार पेन्सिलीवर चिकटून चिकटून वीस वेढे गुंडाळायची, पट्टीने रुंदी मोजून वीसने भागायचं की जाडी मिळते, त्यावरून आणि तारेच्या लांबीवरून रो काढायला लावा. दोन्ही कॉइलचं उत्तर जवळपास सारखं यायला हवं, १.१ गुणिले दहाचा उणे सहावा घात ओहम मीटर. रो मटेरियलचा असतो, तुकड्याचा नाही, एवढं स्वतःच्या हाताने आलं की कापल्यावर रो निम्मा होतो असं परत म्हणणार नाही ती.

आयटीतला_पुणेकर:
एवढं कशाला, कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट सिम्युलेशन (कॉम्प्युटरवरचा प्रयोग) आहे फुकट, स्लायडर सरकवा झालं.

मल्टिमीटरवाला:
स्लायडर सरकवून बोटाला व्यायाम होतो. आधी हातात तार घेऊ दे, मग सिम्युलेशन.

निवृत्त_मास्तर:
कणीक विसरलात सगळे! भरपूर मीठ घालून मळा, ९ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी. कणकेचे दोन गोळे, प्रत्येकात एलईडीचा एकेक पाय आणि बॅटरीची एकेक वायर, गोळे एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत. (एलईडी बॅटरीला थेट लावू नका, उडेल.) आता त्यातला एक गोळा लांब वळून दुसऱ्या टोकाला वायर न्या, उजेड कमी होतो. कणीक तेवढीच राहते, त्यामुळे लांबी दुप्पट केली की जाडीचं क्षेत्रफळ निम्मं होतं, म्हणजे रेझिस्टन्स चौपट, आणि हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो. कणकेवर मल्टिमीटर मात्र नको, मिठाच्या आयनांमुळे आकडा सरकत राहतो.

कर्वेनगरची_आई:
भारी! मीटर आणला. पण घरातली तांब्याची वायर छोटी धरा मोठी धरा, ०.४ च दाखवतो, बिघडलाय का?

मल्टिमीटरवाला:
नाही हो ताई, तो ०.४ मीटरच्या स्वतःच्या वायरींचा आहे, टोकं एकमेकांना टेकवून बघा, तेवढाच येईल. १ स्क्वेअर एमएमची तांब्याची तार मीटरभर घेतली तरी ०.०१७ ओहम, हा मीटर ते बघूच शकत नाही. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे ९० मीटरचं अख्खं बंडल असलं तर दोन टोकं मोजा, ०.४ वजा करून दीडच्या आसपास येईल.

वाचनमात्र_होतो:
मध्येच घुसतो, तांबं एवढं चांगलं तर खांबांवरच्या तारा ॲल्युमिनियमच्या का?

निवृत्त_मास्तर:
ॲल्युमिनियमची रेझिस्टिव्हिटी तांब्याच्या दीडपटीहून थोडी जास्त, पण वजन तिसऱ्या हिश्श्याहून कमी. तार जाड घेतली की रेझिस्टन्स तेवढाच करता येतो, आणि तरी वजन तांब्याच्या निम्म्यावर, शिवाय स्वस्त.
आता मुलीला गृहपाठ. जुना १०० वॉटचा पिवळा बल्ब होल्डरमधून काढून मोजा. घरातल्या २३० व्होल्टचा वर्ग भागिले १०० वॉट म्हणजे ५२९ ओहम यायला हवेत. मीटर काय दाखवतो सांगा.

कर्वेनगरची_आई:
३९. लेक म्हणते बल्ब खराब आहे.

निवृत्त_मास्तर:
होल्डरला लावून बघा, मस्त पेटेल. पेटला की टंगस्टन (बल्बच्या आतली तार) अडीच हजार अंशांच्या आसपास तापतं आणि त्याची रेझिस्टिव्हिटी बारा-चौदा पट वाढते, तार तीच, लांबी-जाडी तीच. म्हणून पुस्तकातल्या तक्त्यावर २० अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं, ते कोणी वाचत नाही.

मल्टिमीटरवाला:
+१. आणि नायक्रोम तापलं तरी फारसं बदलत नाही, म्हणून कॉइलचा हिशोब ती गार असतानाही जुळला.