मदत हवी आहे: ट्रेलर जोडला की पिकअपचं ॲव्हरेज निम्म्यावर

मंडळी, माझी डिझेल पिकअप रिकामी असताना लिटरला 12 किलोमीटर देते. मागे अडीच टनांचा बंद ट्रेलर जोडला की थेट 6. वजनाने फरक पडणार हे मान्य, पण सपाट रस्त्यावरही एवढा? वेग 90 वरून 75 वर आणला तर 7 च्या पुढे जातं, म्हणून मला वजनापेक्षा ट्रेलरच्या उंच, सपाट तोंडावर आदळणाऱ्या वाऱ्याचाच संशय जास्त आहे. टायरची हवा, एअर फिल्टर बघून झालं. ट्रेलरचे ब्रेकही घासत नाहीत. चढावर टॉप गिअर सोडून एक गिअर खाली चालवावी का, की त्याने डिझेल आणखी जातं? तुमचं ॲव्हरेज किती येतं? टाकी फुल ते फुल मोजलेलंच सांगा, डॅशबोर्डवरचा आकडा नको. माझा तरी नेहमी फुगवूनच दाखवतो.